ड्रॉइंग कोणत्या कोनातले?

घन वस्तू सपाट कागदावर मापासह उतरवण्याचे शास्त्र फ्रेंच गणिती गास्पार मोंज (१७४६-१८१८) यांनी सिद्ध केले. तटबंदीच्या आखणीत त्याचा उपयोग एवढा मोठा होता, की फ्रेंच लष्कराने ते काही काळ गुप्त राखले. १७९५ साली पॅरिसमध्ये मोंज यांनी त्यावर जाहीर व्याख्याने दिली.

परस्परांना काटकोनात छेदणाऱ्या उभ्या व आडव्या प्रतलांमुळे अवकाशाचे चार कोन होतात. वापरात आहेत ते पहिला आणि तिसरा. उरलेल्या दोहोंत प्रतल उलगडताच दृश्ये एकमेकांवर येऊन नुसती गिचमिड होते. पहिल्या कोनात वस्तू ही पाहणारा आणि प्रतल यांच्यामध्ये असते. सावली पलीकडे पडावी तसे चित्र उमटते. म्हणून वरचे दृश्य दर्शनी दृश्याच्या खाली आणि डाव्या बाजूचे उजवीकडे येते. तिसऱ्या कोनात प्रतल जणू काचेचे, मध्ये उभे. तेथे वरचे वर, डावे डावीकडे.

आपल्या आयटीआय व अभियांत्रिकी महाविद्यालयांत भारतीय मानक ब्यूरोच्या 'एसपी ४६' पुस्तिकेनुसार पहिला कोन शिकवतात. युरोपातही तोच रूढ आहे. अमेरिकेत मात्र तिसरा. परदेशी ड्रॉइंगवर काम करणाऱ्या कारागिराने कोन गृहीत धरला, तर डावीकडचे छिद्र उजवीकडे पडते आणि तयार भाग भंगारात जातो. मापे सारी अचूक असतात, हीच यातली मेख!

त्यासाठी ड्रॉइंगच्या शीर्षक चौकटीत छाटलेल्या शंकूचे चिन्ह असते. निमुळते टोक डावीकडे असलेल्या शंकूच्या उजवीकडे दोन वर्तुळे असली तर पहिला कोन, डावीकडे असली तर तिसरा.