बरोबरीचे चिन्ह, संगणकीय भाषांतील
संगणकाच्या आज्ञावलीत कोणती क्रिया करावयाची हे दर्शविणाऱ्या चिन्हांस क्रियाचिन्हे म्हणतात. त्यांपैकी = या चिन्हाचा इतिहास विशेष उद्‌बोधक आहे. वेल्श गणितज्ञ रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये ते प्रथम छापील ग्रंथात योजिले. गणितात ते दोन राशी समान असल्याचे विधान करते. आज्ञावलीत मात्र दोन भिन्न गोष्टी सांगाव्या लागतात : चलराशीस मूल्य देणे (प्रदान) आणि दोन मूल्ये समान आहेत काय हे तपासणे (तुलना). क = क + १ हे समीकरण गणितात असंभवनीय ठरते परंतु प्रदान म्हणून वाचल्यास ‘क-च्या मूल्यात एक मिळवून येणारे मूल्य पुन्हा क-मध्ये ठेवावे’ असा त्याचा सरळ अर्थ होतो.

कोनरॅट त्सूझ या जर्मन अभियंत्यांनी १९४० नंतरच्या दशकात आखलेल्या ‘प्लानकाल्क्यूल’ भाषेत प्रदानासाठी बाणासारखे निराळे चिन्ह होते. जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनी आयबीएम कंपनीत तयार केलेल्या फोर्ट्रान भाषेत (१९५७) ही सोय नव्हती. छिद्रपत्रांवर मोजकीच अक्षरे व चिन्हे उमटविता येत असल्याने प्रदानासाठी = हेच चिन्ह घेण्यात आले. पुढे तुलनेची गरज भासली, तेव्हा ती टिंबांमध्ये लिहिलेल्या अक्षरांनी दाखविण्यात आली.

१९५८ मध्ये झुरिक येथे आखलेल्या अल्गॉल भाषेत हा संदिग्धपणा टाळण्यात आला. तीत प्रदानासाठी := हे जोडचिन्ह ठरले आणि = हे तुलनेसाठी राखले गेले. निक्लाऊस विर्ट यांच्या पास्कल भाषेने (१९७०) हीच प्रथा चालविली.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन यांनी ‘बी’ भाषेत निराळी वाट धरली. आज्ञावलीत प्रदान हे तुलनेपेक्षा अधिक वेळा येते म्हणून प्रदानास आखूड = व तुलनेस == अशी योजना झाली. डेनिस रिची यांच्या ‘सी’ भाषेने (१९७२) ती स्वीकारली. या भाषेत प्रदानालाही स्वतःचे मूल्य असते आणि शून्य म्हणजे असत्य मानले जाते. परिणामी अटीमध्ये == ऐवजी = लिहिले गेले, तरी आज्ञावली बिनतक्रार चालते.

यातील धोका नोव्हेंबर २००३ मध्ये दिसून आला. ‘लिनक्स’ या कार्यप्रणालीच्या आज्ञावलीच्या एका प्रतीत कोणीतरी दोन ओळी घुसडल्या होत्या. वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे काय, अशी ती तपासणी वरवर भासे. प्रत्यक्षात तेथे एकच = असल्याने त्या वापरकर्त्यास शून्य क्रमांक, म्हणजे सर्वाधिकार, बहाल होत असत. अटीचे मूल्य शून्यच येत असल्याने पुढे काही घडल्याचे दिसत नसे. मूळ नोंदींशी ही प्रत जुळत नाही, हे लक्षात आल्यामुळे तो डाव फसला.

नंतरच्या भाषांनी यापासून बचावाचे उपाय योजिले. जावा भाषेत अटीचे मूल्य सत्य वा असत्य असेच असावे लागते, त्यामुळे अशा बहुतेक चुका आधीच पकडल्या जातात. पायथन भाषेत अटीमध्ये = लिहिण्यास मनाई आहे. २०१९ मध्ये तेथे प्रदानाची मुभा देण्यात आली, ती := या अल्गॉलमधील चिन्हानेच. छिद्रपत्रे कालबाह्य झाली, तरी त्यांच्या मर्यादेतून रूढ झालेला = चा अर्थ मात्र अनेक भाषांत टिकून राहिला आहे.