रोशाच्या भट्ट्या आणि नंदुरबारचा जमाखर्च

सन 1879-80 च्या हंगामात तेव्हाच्या अखंड खानदेश जिल्ह्यात रोशा गवताचे तेल काढणाऱ्या 197 भट्ट्या चालू होत्या, त्यांतून सुमारे 71 हंड्रेडवेट तेल निघाले, आणि शंभराहून अधिक भट्ट्या एकट्या नंदुरबारकडे होत्या, असे इंग्रज सरकारच्या दप्तरी नमूद आहे. हे आकडे देतानाच गवताची वाढती टंचाई लोकांना फार जाणवते, अशीही एक ओळ तेथे टिपलेली आहे. वाचणाऱ्याची दृष्टी आकड्यांवर खिळते आणि त्या ओळीवरून घसरून पुढे जाते. परंतु नंदुरबारच्या या लहानशा, सुगंधी आणि आता बहुतेकांच्या विस्मरणात गेलेल्या उद्योगाचे भवितव्य त्या एका ओळीतच लिहिले गेले होते, असे माझे मत आहे.

नंदुरबार हे काही कालपरवा उदयास आलेले व्यापारी ठाणे नव्हे. अकबराच्या अमदानीत माळव्याच्या सुभ्यातील एका सरकारचे ते मुख्य ठिकाण होते. सुरतेहून बुऱ्हाणपुरास जाणारा मार्ग येथून जात असल्यामुळे 1610 साली विल्यम फिंच हा इंग्रज प्रवासी येथे येऊन गेला आणि त्याने येथील किल्ल्याची व सुंदर तलावाची वाखाणणी केली. 1666 साली ईस्ट इंडिया कंपनीने येथे वखार घातली आणि चारच वर्षांत गावाचे महत्त्व एवढे वाढले की कंपनीने अहमदाबादची आपली माणसे नंदुरबारास हलविली. पुढे उत्तर पेशवाईतील धामधुमीत हे सारे वैभव लयास गेले आणि 1818 साली खानदेश इंग्रजी अमलाखाली आला तेव्हा निम्म्याहून अधिक गाव ओसाड पडलेले होते. एवढा चढ आणि एवढा उतार पाहिलेल्या कसब्यात जो व्यापार पुन्हा उभा राहिला त्यात सातपुड्याच्या आणि सह्याद्रीच्या उत्तर टोकाच्या डोंगरउतारांवर आपोआप उगवणाऱ्या, आयुर्वेदात रोहिष म्हणून परिचित असलेल्या रोशा गवताच्या तेलाला विशेष स्थान होते. संधिवातावर चोळण्यासाठी या तेलाची ख्याती दूरवर पसरलेली होती.

तेल काढण्याची रीत पाहिली तर कारागिरांच्या कौशल्याविषयी आदरच वाटतो. पावसाळा सरत आला, गवत पिकू लागले, की तेल गाळणारे लोक, जे बहुतेक मुसलमान असत, भिल्लांकडून गवत विकत घेऊन त्याच्या गंजी रचीत आणि जेथे सरपण व वाहते पाणी दोन्ही मुबलक अशा ओढ्याच्या काठी भट्टी मांडीत. सुमारे चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि अडीच फूट खोल खड्डा खणून त्यावर चूल करावयाची. तीस ते पन्नास घागरी पाणी मावेल असा तांब्याचा किंवा लोखंडाचा हंडा तिच्यावर चढवावयाचा. थोडे पाणी घालून कापलेले गवत काठोकाठ भरावयाचे. झाकण कणकेने लिंपून टाकावयाचे. झाकणाच्या भोकातून बांबूची नळी काढून, तिला कापड गुंडाळून, वरून उडदाच्या पिठाचा लेप देऊन आणि दोरीने आवळून, ती ओढ्याच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडविलेल्या दुसऱ्या हंड्यात सोडावयाची. वाफ त्या थंड हंड्यात निवून साचे आणि हंडा भरला की हलू लागे. ते हलणे पाहून कारागीर नळी शिताफीने काढी, पाणी तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळी, आणि वर तरंगणारे तेल हलक्या हाताने निपटून घेई. उरलेले पाणी फेकून न देता ते नव्या गवताबरोबर पुन्हा हंड्यात जाई, कारण त्या पाण्यातही तेलाचा अंश राहतो हे त्याला अनुभवाने ठाऊक होते.

म्हणजे मोजमापाची जाण या धंद्यात नव्हती असे कोणी म्हणू नये. हंडा भरल्याची खूण होती, गवत कापण्यायोग्य झाल्याची खूण होती, तेलाच्या रंगावासावरून त्याची प्रत ठरविणारी नाके होती. उणीव होती ती निराळ्याच ठिकाणी. ही सारी मापे एका घाण्याची, एका दिवसाची, फार तर एका हंगामाची होती. पाच हंगामांनी काय मिळविले आणि काय गमावले हे सांगणारे माप कोणापाशी नव्हते. सरकारने भट्ट्या मोजल्या, व्यापाऱ्याने तेल मोजले, आणि गवत किती दुरून आणावे लागते, एका हंड्यामागे तेल पूर्वीइतके पडते की नाही, हे ज्या भिल्ल मजुराच्या पायांना आणि ज्या कारागिराच्या हातांना कळत होते त्यांच्याकडे वही नव्हती.

दप्तरातल्या त्याच आकड्यांचा थोडा हिशेब करून पाहावा. 71 हंड्रेडवेट म्हणजे 7,952 पौंड. ते 197 भट्ट्यांत वाटले तर प्रत्येकीच्या वाट्यास सबंध हंगामात सरासरी 40 पौंड, म्हणजे पक्क्या वजनाने अर्ध्या मणाच्या आसपास तेल येते. शंभर भाग ओल्या गवतातून अर्धा भाग तेल निघाले तरी पुष्कळ. त्या प्रमाणाने एका हंगामाच्या तेलासाठी निदान 700 टन गवत डोंगरांवरून खाली आले असले पाहिजे. हे सारे गवत रानातले, कोणी पेरलेले नव्हे आणि कोणी राखलेलेही नव्हे. त्यातच 1878 च्या जंगल कायद्यानंतर राखीव रानांच्या हद्दी ठरू लागलेल्या. अशा स्थितीत नंदुरबारकडच्या भट्ट्यांची संख्या शंभरावर गेली ही प्रगतीची खूण मानावी की प्रत्येक नवी भट्टी शेजारच्या भट्टीच्या गंजीतून आपला वाटा उचलीत होती असे मानावे? मला दुसरा पक्ष अधिक संभवनीय वाटतो.

आता तेलाच्या प्रवासाकडे वळू, कारण या कथेतील गमतीचा भाग तेथे आहे. तयार तेल चामड्याच्या बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवर लादीत. काही कोंडाईबारीचा घाट उतरून सुरतेस जाई, काही धुळे-मनमाडवरून मुंबईस. मुंबईहून ते तांबड्या समुद्रावरील बंदरांना आणि तेथून कॉन्स्टँटिनोपलला पोहोचे. तेथे त्यावर डिंकाच्या पाण्याचा संस्कार करून, पसरट भांड्यांत उन्हाखाली ठेवून त्याचा रंग उतरवीत, आणि मग ‘तुर्की जिरेनियम तेल’ या भारदस्त नावाने ते बल्गेरियातील गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. कारण त्याचा वास गुलाबाच्या वासाशी इतका जुळतो की भल्याभल्यांना फरक कळू नये. काही ठिकाणी तर गुलाबाच्या पाकळ्या हंड्यात घालण्यापूर्वीच त्यांवर हे तेल शिंपडीत. नंदुरबारच्या ओढ्याकाठी निघालेला माल अशा रीतीने युरोपातील श्रीमंतांच्या रुमालांवर पोहोचला खरा, परंतु भेसळीचा जिन्नस म्हणून, दुसऱ्याचे नाव धारण करून.

आणि ज्या मालाचा परदेशी लौकिक भेसळीवर उभा होता त्याच मालात वाटेवर भेसळ होऊ लागली, हा नियतीचा न्याय म्हणावा की व्यापाराचा, कोण जाणे! मधले व्यापारी टर्पेंटाइन, भुईमुगाचे तेल, जवसाचे तेल, जे स्वस्त मिळेल ते त्यात मिसळीत. एका पिंपामागे चार पैसे अधिक सुटले ही गोष्ट वहीत जमेच्या बाजूस ताबडतोब दिसते. गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला ही गोष्ट नावे लिहिण्यास वहीत रकानाच नसतो. परिणामी युरोपातील खरेदीदारांनी आपले माप आपणच तयार केले. शुद्ध तेल सत्तर टक्के मद्यार्काच्या तिप्पट भागात स्वच्छ विरघळते आणि स्थिर तेलाची भेसळ असेल तर द्रव गढूळ होतो, ही साधी कसोटी त्यांनी लावली. त्याच्याही आधी, 1871 साली, ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हिंदुस्थानातून आलेल्या याच तेलातून त्याच्या सुगंधाचे मुख्य द्रव्य वेगळे काढून त्याला जिरॅनिऑल असे नाव दिले होते. तेव्हापासून तेलाची किंमत नाकाने न ठरता त्यातील या द्रव्याच्या प्रमाणावर ठरण्याचा मार्ग मोकळा झाला. माल आमचा, माप त्यांचे, अशी अवस्था झाली. आणि ज्याचे माप त्याचा भाव हा बाजाराचा कायदा कोणत्याही सरकारी कायद्याहून कठोर आहे.

एका गोष्टीत मात्र आमचे कारागीर आणि परदेशचे पंडित दोघेही बराच काळ सारखेच चकले. रोशाच्या तेलाच्या दोन प्रती प्रसिद्ध होत्या : मोतिया, जी उत्तम, आणि सोफिया, जी कनिष्ठ. समज असा होता की गवत एकच, कोवळे असता कापले तर मोतिया आणि पिकून तांबूस झाल्यावर कापले तर सोफिया. या समजापायी ज्याचे तेल हलके निघे तो कापणीच्या तिथीला दोष देई, पुढच्या साली आठ दिवस आधी विळा लावी, आणि तरीही तेल हलकेच निघाले की पावसाला किंवा नशिबाला बोल लावी. 1906 साली वनस्पतिशास्त्रज्ञ स्टाप्फ यांनी लंडनजवळच्या क्यू वनस्पतिउद्यानात हिंदुस्थानातील तेलगवतांची शास्त्रीय व्यवस्था लावली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत वनस्पतिशास्त्रज्ञ बर्किल यांनी दाखवून दिले की मोतिया आणि सोफिया या मुळात दोन निरनिराळ्या जाती आहेत; पहिली पाणी न साचणाऱ्या कोरड्या उतारांवर रमते, दुसरी सखल ओलसर जागी. म्हणजे नुकसानीचे कारण तिथीत नव्हते, गंजीत होते. दोन्ही गवते एकाच हंड्यात पडत होती. ठेच लागली की माणूस शहाणा होतो असे आपण सहज म्हणतो, पण ठेच कशाला लागली याचे निदानच चुकले तर दहा ठेचांनीही शहाणपण येत नाही. कोणत्या उताराचे गवत, किती भारे, किती तेल, एवढ्या तीन बाबी जरी कोणी चारसहा हंगाम टिपून ठेवल्या असत्या, तर हा भेद क्यूच्या आधी नंदुरबारात उलगडला असता असे मानण्यास मला तरी काही अडचण दिसत नाही.

हिशेबाची सवय येथे नव्हती असेही नाही. नंदुरबार, शहादे, तळोदे येथील पेढ्यांवर रोजकीर्द आणि खतावणी चोख लिहिली जात असे. दिवाळीस वहीपूजन होऊन कार्तिक प्रतिपदेस नवे वर्ष उघडे, सिलक पुढे ओढली जाई, येणे-देणे नव्या पानावर चढे. परंतु रोशाचा हंगाम भाद्रपद-आश्विनात सुरू होऊन दिवाळीच्या पलीकडे जाणारा. त्यामुळे गवताची उचल जुन्या वहीत आणि तेलाची विक्री नव्या वहीत असे एकाच हंगामाचे दोन तुकडे पडत असले पाहिजेत. शिवाय ही वही माणसांच्या नावांची होती, कामांची नव्हती. अमुक इसमाकडे किती येणे हे ती अचूक सांगे. अमुक भट्टीने किती खाल्ले आणि किती दिले हे सांगणे तिचे काम नव्हते. सावकारीला ती पुरेशी होती, उद्योगाला नव्हती.

शेवट लवकर सांगता येण्यासारखा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तापी खोऱ्यातील रेल्वेने सुरतेचा रस्ता सोपा झाला, पण तोवर स्पर्धा जगाच्या दुसऱ्या टोकाकडून येऊ लागली होती. जावा बेटात मुद्दाम लागवड केलेल्या सिट्रोनेला गवतापासून जिरॅनिऑल स्वस्तात मिळू लागले. पुढे शतकाच्या उत्तरार्धात तर ते टर्पेंटाइनमधील द्रव्यांपासून कारखान्यात बनू लागले. ज्या टर्पेंटाइनची भेसळ करून एके काळी चार पैसे मिळविले, त्यानेच अखेर मूळ मालाची गरज कमी केली. रोशाचे गवत मात्र नाहीसे झालेले नाही. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने त्याचे सुधारित वाण काढले असून देशात अन्यत्र त्याची लागवड होते. रानातून कापून आणण्यापेक्षा शेतात पेरून घ्यावे हा बोध धंद्याने घेतला, पण तो दुसऱ्यांच्या शेतात.

1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला, तेव्हा या गावाची ओळख मिरचीचा बाजार अशी झालेली होती. येथील व्यापारी ओली लाल मिरची घेऊन पथारीवर वाळत घालतात, आणि अवकाळी पावसाची एक सर साऱ्या पथारीचे मातेरे करते. तरीही या धंद्यात मला एक गोष्ट निश्चित पुढची दिसते. ओल्याची सुकी किती होते, साधारण चौथा हिस्सा उरतो की त्याहून कमी, याचा हिशेब पथारीवरच्या प्रत्येकाच्या तोंडी असतो आणि ओल्या मिरचीचा भाव त्यावरूनच बोलला जातो. हंड्यामागे तेल किती, हा प्रश्न भट्टीवाल्यांनी असाच उघड्या बाजारात विचारावयास हवा होता.

नंदुरबार, शहादे, तळोदे, नवापूर येथील जुन्या पेढ्यांच्या घराण्यांना एक विनंती करून हा लेख आटोपतो. माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या वह्या असतील, त्यांत रोशाच्या तेलाची, बुधल्यांच्या भाड्याची किंवा गवताच्या उचलीची एखादी जरी नोंद आढळली, तरी त्या रद्दीत न घालता धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाकडे पोहोचत्या कराव्यात. सरकारी दप्तराने भट्ट्या मोजल्या आहेत, भट्टीवाल्यांची बाजू त्या वह्यांतूनच निघेल.