पावलॉव्हच्या घरातला दुसरा माणूस
स्टालिनग्राडची लढाई शिकवताना मी 'पावलॉव्हचं घर' हमखास सांगत असे. सप्टेंबर १९४२ मध्ये सार्जंट याकोव्ह पावलॉव्हने तिघा साथीदारांसह ती चार मजली इमारत ताब्यात घेतली. पुढे लेफ्टनंट इव्हान अफनास्येव्ह कुमक घेऊन आला आणि सूत्रं त्याच्या हाती गेली. तोही पंचविशीतला पोरच! तळघरात अडकलेली बायका-मुलं, वर जेमतेम पंचवीस-तीस जवान. त्यांनी भिंती फोडून वाटा केल्या, मागे खंदक खणला. नोव्हेंबरपर्यंत घर पडलं नाही.

१९४५ साली 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब मिळाला तो पावलॉव्हला. तो शूर होताच. पण अफनास्येव्हचं नाव मी वर्गात एकदाही घेतलं नाही. ती चूक माझी. असो, आज घेतलं.