एक लाख ट्रॅक आणि एक छोटं खोकं

ज्यांच्याकडे चार-पाचशे गाणी आहेत, त्यांनी आजचा भाग करमणूक म्हणून घ्यावा. पण ज्यांच्या घरी हजारो सीडींच्या प्रती, वडिलांच्या कॅसेटींवरून उतरवून घेतलेल्या मैफली आणि जुन्या तबकड्यांची ध्वनिमुद्रणं असं सगळं एकाच हार्ड डिस्कवर बसलंय, त्यांनी जरा सावरून बसावं. ती डिस्क एक दिवस बंद पडणार आहे.

आपला प्रश्न साधा आहे. एवढं संगीत ठेवायला आणि घरभर ऐकायला घरात सर्व्हर ठेवायचा, तर यंत्र कुठलं घ्यायचं? बहुतेक लोक आधी प्रोसेसर विचारतात. मला ही सुरुवातच उलटी वाटते. ती का उलटी, हे थोडं मागे जाऊन बघू.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीतर्फे फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात आला आणि त्याने गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. पुढे ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीचा जो जमाना आला, त्यात एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावत. म्हणजे तीन तासांचं संगीत घरात ठेवायचं तर साठ बाजू, तीस तबकड्या. लाखेच्या तबकड्या जड, आणि हातातून सुटली की तुकडे. हजारभर तबकड्या जमवणाऱ्याची खरी अडचण मात्र वाजवण्याची नव्हतीच. ग्रामोफोन एकच पुरे. अडचण होती हवी ती तबकडी सापडण्याची आणि ती शाबूत राहण्याची. म्हणून संग्राहक वह्या ठेवत: तबकडीचा क्रमांक, गायक, राग, कुठल्या फळीवर. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्समधल्या मंडळींचं कामही मोठ्या प्रमाणात अशा नोंदींचंच. शोधणं आणि टिकवणं, ही दोन कामं लक्षात ठेवा. आजही तीच आहेत.

आता संगणकाकडे वळू. १९५६ साली आयबीएमने रॅमॅक नावाचं यंत्र आणलं, त्यात पहिली व्यापारी हार्ड डिस्क होती. २४ इंच व्यासाच्या पन्नास चकत्या, वजन टनाच्या घरात, आणि मावायची फक्त ५० लाख अक्षरं. १९८२ साली सीडी आली तेव्हा तिच्यात दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, दोन वाहिन्या, म्हणजे मिनिटाला सुमारे १० एमबी असा हिशोब ठरला. त्या मापाने अख्ख्या रॅमॅकमध्ये अर्धा मिनिटही संगीत बसलं नसतं. तंबोरा जुळायच्या आत डिस्क भरली!

म्हणून पहिली धडपड आकार कमी करण्याची झाली. जर्मनीत फ्राउनहोफर संस्थेतल्या कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून एमपी-३ घडलं. १९९५ साली फाइलींना ते नाव मिळालं. कानाला जे कळणार नाही ते टाकून द्यायचं, ही त्यातली युक्ती. २००१ साली अॅपलचा पहिला आयपॉड आला तो ५ जीबीचा, हजार गाणी खिशात अशी जाहिरात करत. पण त्याच वर्षी जॉश कोल्सन यांच्या फ्लॅकची पहिली पक्की आवृत्ती आली, आणि संग्राहकांच्या दृष्टीने मी तिला जास्त महत्त्व देतो. फ्लॅक काहीही टाकून देत नाही. फाइल साधारण निम्मी होते, आणि उघडली की मूळ सीडीतला बिट न् बिट परत मिळतो.

हिशोब करू. फ्लॅकमध्ये एका सीडीला सरासरी ३५० एमबी धरले, तर दहा हजार सीडी म्हणजे साडेतीन टेराबाइट. ट्रॅक लाखाच्या पुढे. पहिली १ टेराबाइटची हार्ड डिस्क हिताचीने २००७ साली आणली. त्याआधी एवढ्या संग्रहाला डिस्कांची रांग लावावी लागे. आज हे सगळं एका डिस्कवर मावतं, आणि अर्धी रिकामी राहते.

२००१ हे वर्ष आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं. अमेरिकेत स्लिम डिव्हायसेस नावाच्या छोट्या कंपनीने एक पेटी काढली. तिच्यात डिस्कच नव्हती. संगीत घरातल्या संगणकावर, तिथे स्लिमसर्व्हर नावाचा मुक्त प्रणालीचा प्रोग्रॅम, आणि बैठकीतली पेटी नेटवर्कवरून गाणं ओढून घेणार. घरगुती संगीत सर्व्हर म्हणजे काय, हे अनेकांना या पेटीने शिकवलं. लोकांनी तो प्रोग्रॅम जुन्या संगणकांवर, कमी ताकदीच्या नॅस पेट्यांवर, नंतर रास्पबेरी पायवर चालवला. गाणं वाजायला कुठेच अडचण नव्हती. सीडीच्या दर्जाच्या फ्लॅकला सेकंदाला एक मेगाबिटही सहसा लागत नाही. अडचण यायची ती यादी बनवताना. प्रत्येक फाइल उघडायची, तिच्यातलं गायकाचं, अल्बमचं नाव वाचायचं, कोठारात नोंदवायचं. लाखभर फाइलींना अशक्त यंत्रावर तासन्‌तास लागत. म्हणजे पुन्हा वहीच!

रूनसारखा महागडा प्रोग्रॅमही तिथेच अडतो. २०१८ च्या सुमारास त्यांनी न्यूक्लियस नावाचा सर्व्हर विकायला काढला, तेव्हा साध्या मॉडेलची मर्यादा कंपनीनेच सांगितली होती: दहा हजार अल्बम, एक लाख ट्रॅक.

म्हणून माझं मत असं की पैसे पहिल्यांदा यादीवर खर्च करा. प्रणाली आणि कोठार एका छोट्या एसएसडीवर, संगीत मोठ्या फिरत्या डिस्कवर. इंटेल एन-१०० सारखा कमी विजेचा प्रोसेसर आणि ८ जीबी मेमरी स्लिमसर्व्हरच्या वारसाला भरपूर होते. (आपल्या संगीतात ‘आर्टिस्ट’ आणि ‘अल्बम’ या खान्यांत राग, ताल, साथीदार कुठे घालायचे, ही रड वेगळी, तिच्यावर एक स्वतंत्र भाग करावा लागेल.) विजेचंही बघा. ३० वॉटचं यंत्र वर्षभर चालू ठेवलं तर सुमारे २६३ युनिट, आणि ८० वॉटचा जुना डेस्कटॉप ७०० युनिट. दिवे वारंवार जात असतील तर छोटा यूपीएस हवाच. आणि खोकं ऐकायच्या खोलीत ठेवू नका. विलंबित आलापात डिस्कची घरघर फार लागते कानाला.

आता टिकवण्याचं काम. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली: एका महाग मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त छोट्या डिस्क एकत्र बांधा, आणि एखादी गेली तरी माहिती वाचेल अशी सोय ठेवा. एका डिस्कवर काही मावत नव्हतं त्या काळचं हे उत्तर. आज संग्रह एकाच डिस्कवर बसत असताना पाच डिस्कांची मोट बांधायची गरज मला दिसत नाही. दोन डिस्कांची आरशासारखी जोडी पुरे. शिवाय चुकून फोल्डर पुसला, तर रेड तेही दोन्ही डिस्कांवरून इमानदारीत पुसतं. ती प्रत नव्हे.

सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ साली खुली केलेली झेडएफएस मला इथे उपयोगाची वाटते. ती प्रत्येक तुकड्याचा पडताळा-अंक जपते, त्यामुळे फाइल गुपचूप सडली तर वाचतानाच कळतं आणि आरशातल्या चांगल्या प्रतीवरून दुरुस्त होते. मात्र डिस्क घेताना एसएमआर प्रकार टाळा. त्यात पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात आणि जोडी पुन्हा बांधताना लिहिणं रखडतं. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या काही रेड मालिकेतल्या डिस्क या प्रकारच्या निघाल्या, तेव्हा कंपनीने ते आधी ठळकपणे सांगितलं नव्हतं म्हणून बराच गदारोळ झाला. तेव्हा मॉडेल क्रमांक तपासूनच घ्या. आणि जास्तीची एक डिस्क आधीच घरात असू द्या: २०११ साली थायलंडमध्ये पूर आला, तिथले कारखाने बुडाले आणि जगभर डिस्कांचे भाव कडाडले.

स्लिम डिव्हायसेस २००६ साली लॉजिटेकने विकत घेतली आणि २०१२ साली त्या पेट्या बंद केल्या. तरी कुणाचं संगीत गेलं नाही. फाइली साध्या फोल्डरमध्ये होत्या, प्रोग्रॅम मुक्त होता, आणि आज तो लिरियन नावाने चालू आहे. म्हणून खोकं निवडताना दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा: हे बंद पडलं तर यातली डिस्क काढून साध्या लिनक्स संगणकाला लावून वाचता येईल का? उत्तर गुळमुळीत आलं तर पुढचं दुकान बघा.

राहिली तिसरी प्रत. २००८ साली हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सलच्या आवारात आग लागली, आणि मूळ ध्वनिमुद्रणांच्या फिती जळाल्याचं जगाला नीट कळायला २०१९ उजाडलं. एकाच छताखाली ठेवल्याचा तो परिणाम. तुमचं घर इंदूरला आणि मुलगी बंगळुरात असेल, तर एक डिस्क तिच्या कपाटात ठेवा. दिवाळीला ती घरी येईल तेव्हा डिस्क आणायची, नवीन भर घालायची, पडताळा चालवायचा. साडेतीन टेराबाइट वाचायला सहा-सात तास लागतात. रात्री लावून झोपलं की सकाळी तयार.