सुवर्णपदक आणि सुतारकाम

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा विषय निघाला की मराठी माणूस प्रथम ‘श्यामची आई’चे नाव घेतो, आणि ते रास्तच आहे. १९५३ सालच्या चित्रपटांसाठी ही पारितोषिके प्रथम ठेवण्यात आली, आणि १९५४ मध्ये राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या या चित्रपटाने पटकावले. साने गुरुजींचे पालगड दिल्लीला पोचले! पण तो मान सबंध चित्रपटाचा होता. नटनटींना स्वतःच्या नावाने पारितोषिक मिळू लागले ते १९६७ सालच्या चित्रपटांपासून. पडद्यावरची घरे उभी करणाऱ्या कला-दिग्दर्शकाची पाळी त्याहूनही उशिरा आली.

कर्जत-खालापूरकडच्या मास्तराला या इतिहासाशी काय कर्तव्य, असे वाचक म्हणतील. सांगतो. ज्या दापोली तालुक्यात पालगड आहे, त्याच दापोलीच्या नितीन देसाई यांनी हे पारितोषिक चार वेळा मिळवले : ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, ‘हम दिल दे चुके सनम’, ‘लगान’ आणि ‘देवदास’. पुढे २००५ साली त्यांनी आपला स्टुडिओ थाटला तो आमच्या खालापूर तालुक्यात, चौकजवळ. ‘जोधा अकबर’साठी आग्र्याचा किल्ला इथेच, आमच्या डोंगरांच्या पायथ्याशी उभा राहिला.

असले किल्ले दगडाचे नसतात. आत लाकडाचा सांगाडा, वर प्लायवूड, त्यावर प्लॅस्टरची नक्षी आणि शेवटी रंगाऱ्याचा हात. कॅमेऱ्याला दिसते तेवढाच किल्ला. पाठीमागे नुसते टेकू. चित्रण संपले की बहुधा सारे मोडून टाकतात. देसाईंनी मात्र आपले सेट लोकांना पाहण्यासाठी खुले केले. पण पदकांनी कर्ज फिटत नाही. २ ऑगस्ट २०२३ रोजी, डोक्यावर मोठे कर्ज असताना, याच स्टुडिओत त्यांनी जीवन संपवले.

‘श्यामची आई’नंतर मराठी चित्रपटाला सर्वोच्च मान पुन्हा मिळवून दिला तो २००३ सालच्या पुरस्कारांत ‘श्वास’ने. मधल्या पन्नास वर्षांच्या दुष्काळाबद्दल आपण पुष्कळ हळहळलो. त्याच दुष्काळाच्या अखेरीस एका मराठी हाताने चार रजत कमळे आणली, त्यांची मोजदाद मात्र फारशी कोणी केली नाही. कथेला आपण मान देतो. करवत आणि रंधा यांना द्यायला अजून शिकायचे आहे.

माझ्या वर्गात सुतारांची आणि रंगाऱ्यांची मुले आहेत. श्यामची गोष्ट त्यांना पाठ आहे. ही दुसरी गोष्टही त्यांना ठाऊक हवी, तिच्या शेवटासकट.