महिला फुटबॉल : भारतीय खेळाडूंची परदेशातील व्यावसायिक कारकीर्द

वेतनाचा लेखी करार करून परदेशी संघाकडून खेळलेल्या भारतीय महिला फुटबॉलपटूंच्या वाटचालीचा इतिहास. हा इतिहास अल्पकाळाचा असून त्याचा प्रारंभ २०१५ च्या सुमारास झाला. तथापि त्याच्या विलंबाची कारणे त्यापूर्वीच्या अर्धशतकात सापडतात.

महिलांच्या फुटबॉलची उपेक्षा केवळ भारतात झाली असे नाही. इंग्लंडमध्ये २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूल येथे झालेल्या महिलांच्या एका सामन्यास सु. ५३,००० प्रेक्षक उपस्थित होते. परंतु पुढच्याच वर्षी तेथील फुटबॉल संघटनेने आपल्या संलग्न मैदानांवर महिलांच्या सामन्यांना बंदी केली व ती सु. ५० वर्षे टिकली. भारतात महिला फुटबॉलची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना १९७५ मध्ये स्थापन झाली. १९८० मध्ये कोझिकोडे येथील व १९८३ मधील थायलंड येथील आशियाई स्पर्धेत भारतीय संघ उपविजेता ठरला. ही गुणवत्ता असूनही खेळाडूंना उपजीविका देणारी लीग उभी राहिली नाही. पुढे तर सामनेच दुर्मिळ झाले व दीर्घकाळ न खेळल्यामुळे २००९ मध्ये भारतीय महिला संघाचे नाव फिफाच्या क्रमवारीतून वगळले गेले. याचा परिणाम वैयक्तिक कारकीर्दीवरही होतो; कारण ब्रिटनसारख्या देशात परदेशी खेळाडूला काम-परवाना देताना तिचे आंतरराष्ट्रीय सामने व तिच्या देशाचे क्रमवारीतील स्थान विचारात घेतले जाते.

या परिस्थितीत परदेशाची वाट प्रथम शिक्षणातून निघाली. गोलरक्षक अदिती चौहान या लफबरो विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी गेल्या व ऑगस्ट २०१५ मध्ये वेस्ट हॅम युनायटेडच्या महिला संघात दाखल झाल्या. हा संघ त्या वेळी इंग्लंडमधील तिसऱ्या स्तरावर खेळत असे. त्यामुळे तेथील खेळावर उपजीविका चालणे शक्य नव्हते.

पूर्णतः व्यावसायिक कराराचा मान मणिपूरच्या न्गांगोम बाला देवी (जन्म २ फेब्रुवारी १९९०) यांना मिळाला. मणिपूर पोलीस दलातील नोकरीवर त्यांचा खेळ दीर्घकाळ टिकून राहिला होता. जानेवारी २०२० मध्ये ग्लासगो येथील रेंजर्स संघाने त्यांच्याशी १८ महिन्यांचा करार केला. ६ डिसेंबर २०२० रोजी मदरवेल संघाविरुद्ध त्यांनी केलेला गोल हा यूरोपातील व्यावसायिक लीगमध्ये भारतीय महिलेने नोंदविलेला पहिला गोल मानला जातो. त्या वेळी त्यांचे वय ३० होते. पुढे गुडघ्याच्या दुखापतीने या कारकीर्दीत खंड पडला. पंजाबच्या मनीषा कल्याण यांना मात्र ही संधी विशीतच लाभली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्राझीलविरुद्ध गोल केल्यानंतर २०२२ मध्ये त्या सायप्रसच्या अपोलॉन संघात गेल्या व त्याच वर्षी यूरोपीय महिला चँपियन्स लीगमध्ये खेळणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. त्यानंतर त्या ग्रीसमधील पाओक (२०२४) व पेरूमधील अलियान्झा लिमा (२०२५) या संघांत गेल्या. दोघींच्या वयातील हे अंतर देशातील लीगने घडविले. बाला देवी यांची उमेदीची बहुतेक वर्षे राष्ट्रीय लीगच्या अभावी गेली. मनीषा यांना गोकुलम केरळ संघातून ऐन तारुण्यात ती मिळाली. इंडियन विमेन्स लीगचा प्रारंभ २०१७ मध्ये झाला. पहिल्या वर्षी अंतिम फेरीत सहा संघ होते व ती तीन आठवड्यांच्या आत आटोपली. स्वतःच्या व प्रतिस्पर्ध्याच्या अशा दोन्ही मैदानांवर खेळण्याची पद्धत २०२३-२४ पासून आली.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या इतिहासातील महत्त्वाचे वर्ष २०२२ होय. त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत आशियाई करंडक स्पर्धा अंधेरी, नवी मुंबई व पुणे येथे भरली. अंधेरीचे शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल हे वर्सोव्याच्या कोळीवाड्यापासून काही किमी. अंतरावर असून, वर्सोवा–घाटकोपर मेट्रोमार्गावरील आझादनगर स्थानकाजवळ आहे. येथे २१ जानेवारी रोजी ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाचा १८–० असा पराभव केला. त्यातील पाच गोल सॅम कर यांचे होते. लंडनच्या चेल्सी संघातील या व्यावसायिक खेळाडूचे वडील कलकत्त्यात जन्मलेले होत. त्याच चेल्सीच्या जी सो-युन यांनी ३० जानेवारीस पुण्यात दक्षिण कोरियासाठी विजयी गोल करून ऑस्ट्रेलियाला स्पर्धेबाहेर घालविले. परदेशी लीगमधील नियमित खेळाने खेळाडूची पातळी किती उंचावते, याचा प्रत्यय या दोन सामन्यांनी दिला. महासाथीमुळे मात्र सामने प्रेक्षकांविना झाले. उपनगरांतील मुलींना तो खेळ जवळ असूनही मैदानावर पाहता आला नाही. यजमान भारताने इराणशी ०–० बरोबरी केली. परंतु २३ जानेवारीस करोनाबाधेमुळे आवश्यक १३ खेळाडूही उभे करता न आल्याने संघ स्पर्धेबाहेर पडला.

महाराष्ट्रातून एफसी पुणे सिटी (२०१७), मुंबईचा इंडिया रश (२०१८) व एफसी कोल्हापूर सिटी (२०१९) हे संघ लीगच्या अंतिम फेरीत खेळले. तथापि २०२३-२४ च्या सात व २०२४-२५ च्या आठ संघांत राज्याचा एकही नव्हता. २०२३ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने प्रत्येक प्रमुख संघाने किमान दहा भारतीय खेळाडूंशी वार्षिक ३.२ लाख रुपयांचा किमान करार करावा, असे ठरविले. परदेशी करारापूर्वी देशात असा करार व पुरेसे सामने असणे, ही या कारकीर्दीची पहिली पायरी होय. जुलै २०२५ मध्ये थायलंडला २–१ असे हरवून भारताने पात्रता फेरीतून आशियाई करंडकात प्रथमच प्रवेश मिळविला, त्यामागेही लीगमधील वाढता खेळ हे एक कारण आहे. अंधेरीसारखी आंतरराष्ट्रीय दर्जाची मैदाने महाराष्ट्रात आहेत. त्यांवर वर्षभर खेळणारे महिलांचे संघ उभे राहिल्यावाचून परदेशाची ही वाट येथील मुलींना अपवादानेच उघडेल.