शब्द ऐकू येणारा गळा : बालगंधर्व आणि त्यांचे श्रोते

बालगंधर्वांविषयी लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने दोन गोष्टी सांगितलेल्या असतात. एक, त्यांचा आवाज विलक्षण गोड होता. दुसरी, त्यांचा शब्द अन् शब्द स्वच्छ ऐकू येत असे. पहिल्या विधानावर पानेच्या पाने खर्ची पडतात. दुसरे मात्र एखाद्या सद्‌गुणाच्या प्रमाणपत्रासारखे एका वाक्यात उरकले जाते. आमच्या मते हा क्रम उलटा लावून पाहावा. श्रोत्यांनी ज्याला गोडवा म्हटले त्याचा बराच मोठा भाग शब्दाचा होता, आणि तो ओळखल्याशिवाय संगीत नाटकांतील पदांचे साहित्य म्हणून मूल्यमापन नीट होत नाही. हे आम्हांला ग्रंथालयात सुचले नाही, नवघरला सुचले.

भाईंदर पूर्वेच्या या भागात आम्ही काही वाचक अधूनमधून एकत्र बसतो. अशाच एका बैठकीत ‘स्वयंवर’ नाटक वाचून झाले आणि विद्यार्थ्यांची तक्रार आली की पदे कळत नाहीत. अन्वय लागत नाही, कर्ता सापडत नाही, विशेषणे कोणाला चिकटली आहेत ते उमगत नाही. तक्रार खोटी नव्हती. म्हणून आम्ही एक साधा प्रयोग केला. संहिता मिटून ठेवली, रुक्मिणीचे एक पद बालगंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेवरून लावले आणि प्रत्येकाने ऐकू येईल ते कागदावर उतरवायचे ठरवले. तबकडीची खरखर होती, मधूनच रेल्वेचा आवाजही येत होता. तरीही तीनदा ऐकल्यावर बहुतेकांच्या कागदावर जवळजवळ सगळे शब्द होते. त्याहून नवलाची गोष्ट ही की पंधरा मिनिटांपूर्वी ज्या ओळींचा अर्थ लागत नव्हता, त्या ओळींचा अर्थ आता कोणी विचारला नाही.

हे कसे घडले याचे उत्तर शोधताना थोडे मागे जावे लागते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. त्यात पदांची संख्या दोनशेच्या घरात होती; पण त्यांतील अनेक पदे साकी, दिंडी, कामदा अशा ओळखीच्या चालींची होती. कीर्तनाला बसणाऱ्या श्रोत्याला ती परकी नव्हती. गाणे आणि बोलणे यांतील अंतर तेथे थोडे होते, आणि शब्द कळणे ही काही मोठी कामगिरी मानली जात नव्हती.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’ने हे चित्र बदलले. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत त्याचा पहिला प्रयोग झाला. चाली गोविंदराव टेंबे यांच्या होत्या आणि त्या हिंदुस्थानी बैठकीतल्या ख्याल, ठुमरी अशा गीतप्रकारांवरून घेतल्या होत्या. पुढे ‘स्वयंवर’साठी (१९१६) भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या आणि रागसंगीत रंगभूमीवर ठाण मांडून बसले. येथे आधी चाल होती, मग शब्द. मूळ चिजेच्या वळणांत मराठी अक्षरे बसवायची, तिथली ऱ्हस्व-दीर्घ सांभाळायची, आणि नाटकातील प्रसंगही पुढे न्यायचा, अशी ती तिहेरी कसरत होती. खाडिलकर हे मुळात गद्य नाटककार आणि पत्रकार. गीतकाराची सहजता त्यांच्यापाशी नव्हती. त्यामुळे कागदावर त्यांची पदे अडखळतात. वाङ्मयेतिहासात त्यांच्यावर क्लिष्टतेचा शिक्का बसला तो याचमुळे.

परंतु ही पदे कागदासाठी लिहिलेली नव्हती. ती नारायण श्रीपाद राजहंस नावाच्या, २६ जून १८८८ रोजी जन्मलेल्या आणि लोकमान्य टिळकांनी दिलेल्या नावाने पुढे सर्वतोमुखी झालेल्या एका नटाच्या गळ्यासाठी लिहिली गेली होती. १९०५ साली तो किर्लोस्कर नाटक मंडळीत आला, १९१३ साली त्याने बोडस आणि टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. भामिनी, रुक्मिणी, सिंधू या भूमिका म्हणजे त्या गळ्याशी केलेला करारच होता.

त्या गळ्याने नेमके काय केले? ध्वनिमुद्रिका कान देऊन ऐकल्या की तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, श्वास अर्थाच्या सांध्यावर घेतला जातो. सामासिक शब्द मधेच तुटत नाही. दुसरी, तान शब्दाच्या पोटात शिरत नाही. शब्द पुरता उच्चारला जातो, त्याचा अर्थ श्रोत्यापाशी पोहोचतो, आणि मग त्याच्या शेवटच्या उघड्या स्वरावरून तान निघते. तिसरी, ओळ पुन्हा येते तेव्हा तिच्यातील आघात सरकलेला असतो. एकदा क्रियापद उजळते, एकदा संबोधन. वाचकाला जो अन्वय स्वतः लावावा लागतो, तो येथे गायक लावून देतो. आमच्या नवघरच्या मंडळींना पदाचा अर्थ ‘कळला’ तो या मार्गाने.

यात आवाजाच्या जातीचाही भाग आहे. बालगंधर्व स्त्रीभूमिका करीत. पण गाताना त्यांनी कृत्रिम, बारीक केलेला बायकी आवाज लावला नाही. ते आपल्या नैसर्गिक पट्टीत गात आणि स्त्रीत्वाची जाणीव लगावातून, लयीतून, शब्द सोडण्याच्या हळुवारपणातून देत. पाश्चात्त्य ऑपेरातील सोप्रानो गायिकेशी तुलना केली तर याचे महत्त्व कळेल. सोप्रानोचा वरचा षड्‌ज सेकंदाला हजाराहून अधिक कंपनांचा असतो. ‘इ’ आणि ‘आ’ यांतील भेद कानाला कळतो तो मुखविवरातल्या ज्या अनुनादांमुळे, त्यांतील पहिला ‘इ’साठी तीनशेच्या आसपास, तर ‘आ’साठी सातशे-आठशेच्या आसपास असतो. गाण्याचा मूळ स्वरच त्यांच्या वर गेला की स्वरवर्ण एकमेकांत विरघळतात; गायिका कितीही निष्णात असो, निसर्ग आडवा येतो. म्हणूनच तेथे ज्या गायिकेचे शब्द कळतात तिचे विशेष कौतुक होते. १९८३ साली टोरंटोत रंगमंचाच्या वर शब्द झळकवण्याची सोय झाली आणि ती पुढे जगभर पसरली, ती मुख्यतः परभाषेतील शब्दांचा अनुवाद दाखवण्यासाठी. मराठी संगीत नाटकाला तशी पाटी लागली नाही. प्रेक्षागृहात ध्वनिक्षेपक नव्हता, तरी पिटातल्या शेवटच्या माणसाला सिंधूचे दुःख शब्दांसह कळत होते.

योगायोग असा की चर्नी रोडजवळच्या रॉयल ऑपेरा हाउसचे उद्‌घाटन पंचम जॉर्जच्या हस्ते झाले ते ‘मानापमान’च्याच वर्षी, १९११ साली. दीर्घ काळ बंद राहिलेली ती वास्तू २०१६ साली पुन्हा उघडली, तेव्हा तेथे मुंबईतच जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ गायल्या. गाण्यातून नाटक करण्याच्या या दोन परंपरा एकाच शहरात नांदल्या. परंतु त्यांच्या श्रोत्यांनी एकमेकांच्या कौतुकाची भाषा फारशी शिकून घेतली नाही.

आता श्रोत्यांकडे वळू. दाद ही कलेनंतर येणारी गोष्ट आहे असे आपण समजतो. गंधर्व मंडळीच्या इतिहासात दाद ही कला घडवणारी आणि कधी बिघडवणारीही शक्ती होती. ‘वन्स मोअर’ मिळाला की पद पुन्हा होई, पुन्हा मिळाला की पुन्हा. आघात बदलत ओळ फिरवण्याची जी कला आपण वर पाहिली, तिला या मागणीनेच पैलू पाडले असणार. परंतु त्याच मागणीने नाटक थांबत असे. प्रयोग पहाटेपर्यंत लांबत, कथानक ताटकळत उभे राही, आणि रुक्मिणीच्या विवाहाची चिंता करण्याऐवजी प्रेक्षक पुढच्या पदाची वाट पाहत.

८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. केशवरावांचा आवाज तेजस्वी, आक्रमक, बालगंधर्वांचा मृदू. कोण जिंकले याची चर्चा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालली. तीन महिन्यांतच, ऑक्टोबर १९२१ मध्ये, केशवराव गेले आणि तुलनेला पुरावा उरला तो स्मृतीचा. आम्हांला त्या चर्चेतील निकालापेक्षा तिची चिकाटी महत्त्वाची वाटते. दोन गायकांच्या गळ्यांवर समाजाने इतका काळ वाद घालावा, याचा अर्थ त्या समाजाला गाणे ऐकण्याची भाषा होती.

मात्र या प्रेमाची किंमतही होती. ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली, आणि प्रयोग थांबला नाही. ही हकिगत आपण कर्तव्यनिष्ठेची कथा म्हणून सांगत आलो. तिच्याकडे श्रोत्यांच्या बाजूनेही पाहायला हवे. ज्यांना तो ‘मायबाप’ म्हणत असे, त्यांच्यासाठी बापाने आपले दुःख विंगेत ठेवून यावे, ही अपेक्षा कोणी बोलून दाखवली नसेल. पण ती हवेत होती. पुढे मंडळीवर कर्जाचा डोंगर झाला, चित्रपट आला, १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त त्यांनी एकनाथांची भूमिका केली. त्यानंतरही उतारवयात ते लुगडे नेसून उभे राहत राहिले आणि लोक टाळ्या वाजवत राहिले. त्या टाळ्या समोरच्या आवाजाला होत्या की आठवणीतल्या, हे वाजवणाऱ्यांनाही सांगता आले नसते.

आणखी एक हिशेब मांडला पाहिजे. पुरुषाच्या गळ्यातली स्त्री हाच ज्यांचा आदर्श झाला, त्या श्रोत्यांनी स्त्रीचा गळा रंगभूमीवर स्वीकारायला वेळ लावला. स्त्रियांच्या नाटक मंडळ्या पूर्वीही होत्या; हिराबाई बडोदेकरांनी आपल्या भावंडांसह संगीत नाटके उभी केली; १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या. या गायिकांचे कौतुक झाले, पण बराच काळ ते गंधर्वांच्या मोजपट्टीने झाले. खरी रुक्मिणी खोट्या रुक्मिणीसारखी गाते का, असा तो विचित्र प्रश्न होता. आवाजावरील प्रेम किती आंधळे असू शकते याचे याहून बोलके उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

उच्चाराच्या बाबतीतही असेच काहीसे घडले. नवघरच्या त्या बैठकीत एक ज्येष्ठ बाई होत्या. त्यांच्या घरात आगरी बोली बोलली जाते. त्यांच्या कागदावर काही ठिकाणी ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ होता. एका विद्यार्थ्याने ते चूक म्हणून दाखवले. बाई शांतपणे म्हणाल्या, की ऐकताना मला ‘ळ’ वेगळा ऐकू आला, लिहिताना हात आपल्या सवयीने गेला. हे वाक्य आमच्या मनात राहिले. बालगंधर्वांचा उच्चार पुढे ‘शुद्ध मराठी’चा नमुना ठरला आणि त्या शुद्धतेच्या काठीने अनेक बोलींना गप्प बसवले गेले. त्यात गायकाचा दोष नाही. त्याचा ‘ळ’ हा कोणाला हिणवण्यासाठी नव्हता. अर्थ पोहोचवण्यासाठी होता. मिठागरांच्या या मुलखात लग्नात धवले गाणाऱ्या बाईचा उच्चारही तिच्या श्रोत्यांपर्यंत तितकाच स्वच्छ पोहोचतो. स्पष्टता आणि प्रमाणता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत कौतुक करणाऱ्यांनी केली.

१५ जुलै १९६७ रोजी बालगंधर्व गेले. त्यांना प्रत्यक्ष ऐकलेली पिढीही आता जवळजवळ संपली. कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला, तेव्हा त्यांनी नक्कल केली नाही. ‘उमजलेले’ या शब्दातच त्यांची भूमिका आहे. श्रोत्याने कौतुक करावे ते असे, स्वतःच्या कानाची जबाबदारी घेऊन. ‘असा गळा पुन्हा होणे नाही’ हे म्हणणे सोपे असते; त्या गळ्याने भाषेचे काय केले हे सांगणे अवघड.

साहित्याच्या वर्गात खाडिलकरांची पदे शिकवणाऱ्यांना आमची एवढीच विनंती आहे. ‘क्लिष्ट’ हा शेरा देण्यापूर्वी ती तबकडी एकदा लावावी, पुस्तक मिटावे आणि मुलांच्या हाती कोरा कागद द्यावा. कागदावर ‘ळ’ येईल किंवा ‘ल’ येईल. पण पद कागदावर येईल, आणि ते कोणासाठी लिहिले होते हेही कळेल.